पाइपाखाली कोण बसते?

काकाजींच्या तोंडून 'बरोबर आहे' असं मी एकदाही ऐकलं नाही. फारच खूश झाले तर म्हणायचे, "चूक अजून सापडली नाही." तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याच्या घशाखाली पुढचा घास उतरू नये.

दारव्ह्याच्या रस्त्यावर एक जिनिंग आहे. गाड्यांमधून कापूस येतो, रेचा नावाच्या यंत्रांवर सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून बाहेर जातात. तिथलं विजेचं आणि कंप्युटरचं सगळं काकाजींकडे. सरकारी नोकरीतून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, आणि साठीनंतर मोबाइलवर पाहून पाहून प्रोग्राम लिहायला शिकलेले. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचं स्वेटर, का, तर त्याला चार खिसे होते. दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, उजव्यावर काळी आणि डाव्यावर लाल. काळी कोणीही मागून न्यावी. लाल मागितली की विचारायचे, "काहून? कोणाची चूक सापडली?" मागणाऱ्याचा हात तिथेच मागे. स्क्रीनला बोट लावलेलं त्यांना खपत नसे, त्यासाठी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडी सोलून ठेवलेली होती. आणि चालताना कापसाच्या पाइपावर तळहात ठेवून चालायचे, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी आज त्या जिनिंगपासून दोन दिवस रेल्वेत बसावं लागतं इतक्या लांब, तमिळनाडूतल्या एका सूतगिरणीत आहे. गिरणीच्याच हॉस्टेलात राहते. डाव्या कानावर लाल पेन्सिल असते, माझी मी विकत घेतलेली. गळ्यातल्या कार्डावर 'टेक्निशियन' लिहिलेलं आहे. ते वाचून कोणी शिक्षण विचारलं की मी अजूनही कार्ड उलटं करते. मी नववी. नववीही अर्धी.

ही अर्धी नववी काकाजींना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. तेव्हा मी बायांबरोबर रेच्यांवर कापूस टाकायला होते. काकाजी पाइपावर हात ठेवून चालले होते. मी म्हटलं, "काकाजी, तिसऱ्या रेच्याचा आवाज जड झाला."

"कसा जड?"

"भरत आलेल्या घागरीवानी."

ते थांबले. माझ्याकडे नाही, रेच्याकडे पाहत राहिले. थोड्याच वेळात रेचा अडकला. मग वळून म्हणाले, "किती शिकली वं?"

"नववी. अर्धीच. याडी-बापासंग ऊसतोडीले गेल्ती, परत आली तं वर्ग पुढं गेल्ता." याडी म्हणजे आई. आमचा तांडा फुलसावंगीकडचा, घरी बंजाऱ्यांची गोरबोली. हे सांगताना मी मान खाली घातली होती.

"मंग त्या अर्ध्यातलं काय नाही समजलं, तेवढं एक सांग."

असं मला कोणी विचारलं नव्हतं. काय येतं ते विचारत, आणि येत नाही म्हटलं की संपलं. मी म्हटलं, "क्ष. गणितातला. तो कोण, कुठून आला, कोणी सांगतलंच नाही."

काकाजी इतके हसले की उजव्या कानावरची पेन्सिल खाली पडली. "अवं, क्ष म्हणजे तुहीच घागर. आत काय हाये ते अजून पाह्यलं नाही, एवढंच. पाह्यल्यावर समजते." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पॅनलवर बसवलं. बायांनी दोन दिवस चिडवलं, "सायबीण झाली वं, आता आमच्या इकडे काहाले पाहते!" तिसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी सगळ्यांना गप्प केलं.

शेवंताबाई रेच्यांवरची सगळ्यात जुनी बाई. पाइप वरून येऊन जिथे वळतो आणि कापूस खाली ओट्यावर पडतो, तिथे, बरोबर वळणाखाली त्यांची जागा. आदल्या हंगामात कापसातून आलेल्या खड्याची पाइपात ठिणगी उडाली होती. "आग!" असं कोणीतरी ओरडलं, आणि ज्याच्या हाताला जे बटण लागलं ते त्याने बंद केलं. आमच्याकडे सगळ्यांना हेच शिकवलेलं, आग दिसली की आधी बंद. पण पंखा बंद झाल्यावर पेटता कापूस पुढे सरकला नाही, वळणावर बसला आणि तिथेच धुमसला. शेवंताबाईंचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात आता त्या पदराखाली ठेवत.

म्हणून त्या हंगामात पाइपावर डोळा बसवायचा ठरला. ठिणगी दिसली की डोळ्याने कंप्युटरला सांगायचं, पाइपाची झडप बाहेर अंगणात उघडायची, पंख्याने पेटता कापूस त्या वाटेने फेकून द्यायचा, पाइप रिकामा झाला की मग पंखा बंद करायचा. यंत्रं आली, बसली. राहिला फक्त प्रोग्राम. आणि तिथेच भांडण सुरू झालं.

नागपूरहून आलेले इंजिनियर म्हणत होते, स्क्रिप्ट लिहायची. ओळीखाली ओळ, इंग्रजी अक्षरांत. काकाजी म्हणत होते, काढायचा. म्हणजे स्क्रीनवर चौकटी मांडायच्या, एक 'डोळा', एक 'झडप', एक 'पंखा', आणि त्यांना रेघांनी जोडायचं. तसं एक सॉफ्टवेअर त्यांनी मला शिकवलं होतं, आणि तोपर्यंत मी त्यात बरंच काही काढत होते.

"ही रांगोळी शाळेतल्या मुलांसाठी ठीक आहे," इंजिनियर म्हणाले. "इथे आगीचा प्रश्न आहे, काकाजी."

"म्हणूनच म्हणून राह्यलो ना साहेब. तुम्ही नागपूरले, अन् इथी बिघडलं, तं तुमचं लिहेलं वाचीन कोण?"

"आणि हिने काढलेलं चुकलं तर?"

"तं दिसन."

दोघंही जिनिंगच्या मालकासमोर, सेठजींसमोर बोलत होते. सेठजींना स्क्रिप्टही कळत नव्हती आणि चौकटीही. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुढच्या बुधवारी चाचणी. इसकी रांगोळी चली, तो ये पॅनल पर रहेगी. नहीं चली, तो साहब का प्रोग्राम लगेगा, साहब का आदमी बैठेगा, और ये वापस रेचे पे."

दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी नीट जेवले असेन तर आठवत नाही. चौकटी मांडायची, मोडायची. स्क्रीनवर खोटी ठिणगी दिली की झडपेची चौकट हिरवी व्हायची, पंख्याची हिरवी व्हायची. सगळं हिरवं दिसायचं, तरी मी पुन्हा खोटी ठिणगी द्यायची. मी काकाजींना विचारायची, "पाहता का एकदा?"

"मी कायले पाहू? मंगळवारी वाचशीन ना."

वाचणं हा काकाजींचा सगळ्यात विचित्र कायदा. प्रोग्राम लिहिलेला असो की काढलेला, मशीनला लावण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. आणि तोही जाणकारापुढे नाही. तो चुकला तर ज्याला लागेल, त्याच्यापुढे. त्याच्या जागेवर जाऊन, त्याच्या बोलीत. गाठी दाबायच्या मशीनचा प्रोग्राम त्यांनी स्वतः ते मशीन चालवणाऱ्या गड्यापुढे उकिडवं बसून वाचला होता. त्या गड्याने मधेच "काकाजी, इथी माहा हात असते" म्हटलं, तेव्हा काकाजींनी सगळा प्रोग्राम पुसून टाकला होता. जिनिंगमध्ये लोक यावर हसत. "काकाजी पोथी वाचून राह्यले," म्हणत. ते ऐकून काकाजी फक्त विचारत, "पाइपाखाली तू बसतं का?"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाइपाच्या वळणाखाली बसलो. शेवंताबाई डबा उघडून, समोर मी लॅपटॉप घेऊन, बाजूला काकाजी काडी घेऊन. इंजिनियर उभे होते. चहाचा कप हातात घेऊन सेठजीही आले.

"वाच," काकाजी म्हणाले.

मी वाचायला लागले. "डोयाले ठिणगी दिसली. तिथून दोन रेघा निंगतात. वरची रेघ झडपेकडे जाते. झडप उघडते, मंग दहा सेकंद थांबते, पाइप रिकामा होते. खालची रेघ पंख्याकडे जाते. पंखा बंद होते."

शेवंताबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो तसाच हातात धरून विचारलं, "ह्या दोन रेघा एकदम निंगतात का एकामागून एक, माय?"

मी म्हणणार होते, एकामागून एक. वरची आधी. कागदावर आपण वरून खाली वाचतो, तसंच. तोंड उघडलं, आणि मला कळलं की हे मला त्या सॉफ्टवेअरने कधी सांगितलंच नव्हतं. मीच धरून चालले होते. दहा दिवस मी हिरवा रंग पाहिला होता. कोण आधी हिरवं झालं, ते पाहिलं नव्हतं. दोन्ही एकदम निघत असतील तर ठिणगी दिसल्या क्षणी पंखा बंद. कापूस वळणावर. शेवंताबाईंच्या डोक्यावर.

त्यांनी पदर सारखा केला. भाजलेला हात मला दिसला.

'हो' म्हणणं सोपं होतं. सेठजींना कळलं नसतं. मी पॅनलवर राहिले असते, आणि संध्याकाळी गुपचूप तपासून दुरुस्त केलं असतं. हे सगळं मनात येऊन गेलं, ते मी आज लपवत नाही.

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

सेठजींनी कप ओट्यावर ठेवला. "हो गया. नववी पास को..."

"पास नाही, सेठजी, अर्धीच," काकाजी म्हणाले. "तिनं सांगतलं हाये पह्यल्याच दिवशी. अन् आजही तिनंच सांगतलं. तुम्हाले, मले, साहेबाले, कोणालेच दिसलं नव्हतं." मग त्यांनी डाव्या कानावरची लाल पेन्सिल काढली आणि इंजिनियरकडे वळले. "आता साहेब, तुमचं. वाचा."

"मी? मी कशाला वाचू? माझं तपासून झालंय."

"बाईपुढं नाही झालं."

इंजिनियर आधी हसले, मग कोणीच हसत नाही म्हटल्यावर बसले. त्यांची स्क्रिप्ट सरळ होती. त्यात मागंपुढं काय ते ओळीच सांगत होत्या. झडप उघड, तीन सेकंद थांब, पंखा बंद कर.

"तीन?" शेवंताबाई म्हणाल्या. वर पाइपाकडे पाहून त्यांनी तोंडातल्या तोंडात मोजलं. "तीनात तं कापूस वळणावरही येत नाही, साहेब. सकाळचा ओलसर माल असला तं आठही लागतात. मी रोज आयकतो ना तो येतानी."

इंजिनियरांनी वहीची पानं उलटली. "मला दिलेल्या कागदावर पाइप आखूड दाखवलाय," असं काहीतरी पुटपुटले. मग स्वच्छ म्हणाले, "माझंही चुकलं." त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

काकाजींनी जमिनीवरच्या रुईच्या धुळीत काडीने दोन रेघा ओढल्या. "काढेल्यात मागंपुढं लपते. लिहेल्यात पाइपाची वाट लपते. लपाले जागा दोन्हीत हाये. आता सांगा, काय लावाचं?"

मी घाबरत घाबरत म्हटलं, "काकाजी, ठिणगी एकटी येत नाही. खडा असला तं दोन-तीनदा उडते. दहा सेकंद मोजता मोजता दुसरी आली तं?"

"तं?"

"तं पुन्हा पह्यल्यापासून मोजाले पायजे."

इंजिनियर धुळीतल्या रेघांकडे सरकले. "हे चित्रात काढायला गेलीस तर रेघांचं जाळं होईल. लिहिलं तर चार ओळी आहेत." आणि लगेच, काकाजी काही बोलायच्या आत, "पण बाकीचं चित्र राहू दे. ते सगळ्यांना दिसतं. रेघ मात्र एकच ठेव. झडप, मग थांबणं, मग पंखा. या थांबण्याच्या चौकटीच्या आत चार ओळी लिहू."

त्या चार ओळी त्यांनी सांगितल्या आणि मी टाइप केल्या. इंग्रजी अक्षरं मी एकेक शोधून दाबत होते. काकाजींनी त्यांना लॅपटॉपला हात लावू दिला नाही. "तिच्या हातानं होऊ द्या. उद्या पाइपाखाली तिलेच बसाचं हाये."

हा त्यांचा दुसरा कायदा. ज्याने लिहिलं, त्याने चाचणीला बसायचं.

बुधवारी सकाळी काकाजी दोन टोपल्या गुलालात कालवलेला कापूस घेऊन आले. खरी आग लावायची नव्हती. लाल कापूस हीच आग समजायची. तो पाइपात सोडायचा, त्याच वेळी डोळ्यावर बॅटरीचा उजेड मारायचा. लाल कापूस अंगणात पडला तर जमलं. ओट्यावर पडला तर आग आत आली.

"ये लाल माल मेरी गाठी में गया तो?" सेठजी ओरडले.

"तं गाठ खराब होईन," काकाजी शिडी चढत म्हणाले. "बाई नाही होणार."

मी शेवंताबाईंच्या शेजारी वळणाखाली बसले. पंखा सुरू झाला. वरून पांढरा कापूस पडत होता आणि त्याच्या आवाजात माझा श्वास मलाच ऐकू येत नव्हता. शेवंताबाईंनी माझं मनगट धरलं होतं, भाजलेल्या हाताने. तो हात खरबरीत आणि गरम होता.

काकाजींची शिट्टी वाजली. पहिली ठिणगी.

वर झडप आपटली. ओट्यावर पडणारा कापूस थांबला. एक, दोन, तीन. शेवंताबाई मोठ्याने मोजत होत्या. चार, पाच, सहा. सातला दुसरी शिट्टी वाजली. माझ्या चार ओळी चुकल्या असतील तर आता तीन सेकंदांत पंखा थांबेल आणि दुसऱ्या टोपलीतला लाल कापूस आमच्या डोक्यावर अडकेल. आठ. नऊ. मी डोळे मिटले. दहा.

पंखा चालूच होता.

"चालू हाये वं!" शेवंताबाई ओरडल्या. "अकरा! बारा!" सतरापर्यंत त्या मोजत राहिल्या. सतराला पंखा थांबला, आणि एवढी शांतता झाली की अंगणातून इंजिनियरांचं "सगळं इकडे! सगळं लाल इकडे!" स्पष्ट ऐकू आलं.

पण काकाजी शिडीवरून उतरले ते अंगणात गेलेच नाहीत. सरळ ओट्याशी आले. "आत काही आलं का, ते पाहा."

सगळ्या बाया वाकून बोटांनी कापूस पिंजायला लागल्या. सेठजीही वाकले. आणि एकजण किंचाळली, "लाल! काकाजी, लाल!"

मी ओट्याला धरलं.

शेवंताबाईंनी ते लाल बोटावर घेतलं, पाहिलं, वास घेतला. "अवं मिरची हाये! कालच्या ठेच्याची. कोणाचा डबा सांडला, भवाने?"

आधी बाया हसल्या, मग सेठजी. काकाजी हसले नाहीत. त्यांनी पूर्ण ओटा स्वतः चाळला, वळणापर्यंत हात घालून पाहिलं, बोटं उजेडात धरली. मग स्वेटरला हात पुसून म्हणाले, "चूक अजून सापडली नाही."

सेठजी जाता जाता म्हणाले, "बैठने दो इसको."

त्यानंतर दोन हंगाम मी त्या पॅनलवर बसले. या गिरणीतलं काम मला त्याच इंजिनियरांच्या ओळखीने मिळालं. निघताना काकाजींना नमस्कार केला तर पाय मागे घेतले. "पाया कायले पडतं? पाइप तपासजो," एवढंच. लाल पेन्सिल द्यायचा त्यांचा विचार होता असं मला वाटलं, कारण हात कानापर्यंत गेला होता. पण तो तसाच खाली आला. त्यांच्याकडे अजून काम होतं.

इथल्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात असाच पाइप आहे, असाच डोळा बसवायचा आहे. काल इथल्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून हिंदीत विचारलं, स्क्रिप्ट की चौकटी? उद्या सांग. खोलीत चार शिकलेली माणसं बसली होती. सगळी माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहत आहेत असं मला वाटत होतं.

दुपारच्या सुट्टीत मी काकाजींना फोन लावला. ते आता आर्णीला मुलीकडे असतात. ऐकायला कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात. मी सगळं सांगितलं. पाइपाची लांबी, वळणं, दोन्हीचे फायदे, दोन्हीचे तोटे.

"ते राहू दे. पाइपाखाली कोण बसते?"

"एक बाई हाये. झाडणारी."

"नाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने मी तिला रोज पाहत होते. फोन बंद झाला. आवाज गेला की काकाजींनी ठेवला, कळलं नाही.

आज सकाळी साहेबांकडे जायच्या आधी मी तिच्याकडे गेले. तिचं नाव सेल्वी. तिला मराठी येत नाही, हिंदी येत नाही. मला तमिळ दहा शब्दांच्या वर येत नाही. मी तिच्या शेजारी पाइपाखाली बसले, कागदावर डोळा काढला, झडप काढली, पंखा काढला, आणि आपल्या वऱ्हाडीतच वाचायला लागले, हातवारे करत. तोंडाने फू करून पंखा, तळहात उलटा करून झडप. दोन पोरी जाता जाता हसल्या. सेल्वी हसली नाही. झाडू मांडीवर आडवा ठेवून ती कागद पाहत राहिली.

मग तिने उजव्या हाताची दोन बोटं वर केली. आधी शेजारी शेजारी धरली. मग एक पुढे, एक मागे. आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

मी कानावरची लाल पेन्सिल काढली.